निरपेक्ष सत्य (ख्रिश्चन धर्म)

निरपेक्ष सत्य ही ख्रिश्चन धर्मविचारातील एक पायाभूत संकल्पना आहे. जे सत्य व्यक्ती, समाज, काळ किंवा बहुमत यांवर अवलंबून नसते, ते निरपेक्ष सत्य होय. ख्रिस्ती परंपरेनुसार अशा सत्याचा उगम ईश्वरात असून येशू ख्रिस्ताच्या रूपाने ते मानवी इतिहासात प्रकट झाले आहे. याउलट, सत्य आणि नीतिमूल्ये ही विशिष्ट व्यक्तीच्या, संस्कृतीच्या किंवा विचारचौकटीच्या संदर्भातच खरी ठरतात, असे मानणाऱ्या भूमिकेस सापेक्षतावाद म्हणतात.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पश्चिम युरोप व उत्तर अमेरिका येथील समाजांत सापेक्षतावादी दृष्टिकोन रुजत गेला आणि हा विषय ख्रिस्ती विचारवंतांच्या लेखनाच्या केंद्रस्थानी आला. या चर्चेत दोन प्रश्न गुंतलेले आहेत. निरपेक्ष सत्य असते का व ते मनुष्याला कळू शकते का, हा पहिला प्रश्न होय. ते आपल्याला कळले आहे असे मानणाऱ्यांनी इतरांशी कसे वागावे, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाला मुख्य ख्रिस्ती संप्रदायांनी दिलेले उत्तर बऱ्याच अंशी स्थिर राहिले आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र दोन हजार वर्षांत आमूलाग्र बदलले आहे.

संज्ञा आणि व्याप्ती

'निरपेक्ष' ही संज्ञा 'वस्तुनिष्ठ' आणि 'सार्वत्रिक' या संज्ञांच्या जवळची असली तरी त्यांना समानार्थी नाही. एखादे विधान बोलणाऱ्याच्या मताहून स्वतंत्रपणे खरे असेल, तर ते वस्तुनिष्ठ ठरते. ते सर्वांना आणि सर्व काळी लागू असेल, तर सार्वत्रिक ठरते. विशिष्ट गावी विशिष्ट दिवशी पाऊस पडला, हे विधान वस्तुनिष्ठपणे खरे असू शकते. पण ते सार्वत्रिक तत्त्व नव्हे. निरपेक्ष सत्याला याखेरीज आणखी एक अर्थ आहे: ते अन्य कशाच्याही आधारावर उभे नसते. ख्रिस्ती विचारात या अर्थाने केवळ ईश्वरच निरपेक्ष आहे.

सापेक्षतावादाचेही अनेक प्रकार आहेत. ज्ञानविषयक सापेक्षतावाद सत्याचे व पुराव्याचे निकष चौकटीनुसार बदलतात असे मानतो. नैतिक सापेक्षतावाद चांगल्या-वाईटाबद्दल, तर धार्मिक सापेक्षतावाद धर्मांच्या सत्यत्वाबद्दल तीच भूमिका घेतो. निरनिराळ्या समाजांत निरनिराळे आचार आढळतात, हे केवळ वर्णन आहे; त्यामुळे सर्व आचार सारखेच योग्य आहेत, हा त्यावरून काढलेला निष्कर्ष आहे. पहिली गोष्ट मान्य करणाऱ्याने दुसरी मान्य केलीच पाहिजे असे नाही. तसेच 'सत्य आहे, पण ते निश्चितपणे कळत नाही' असे म्हणणारा संशयवाद हा सापेक्षतावादाहून वेगळा आहे. भौतिकशास्त्रातील आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धांताचा या वादाशी नामसाधर्म्यापलीकडे संबंध नाही; तो सिद्धांत सर्व निरीक्षकांसाठी समान असणाऱ्या प्रकाशवेगाच्या गृहीतकावर आधारलेला आहे.

सत्य निरपेक्ष आहे असे मानणे आणि आपले सत्याचे ज्ञान निरपेक्ष आहे असे मानणे, या दोहोंतील भेद या विषयात सर्वांत महत्त्वाचा आहे. ख्रिस्ती विचारवंतांपैकी बहुतेक जण पहिले विधान करतात आणि दुसरे नाकारतात. टीकाकारांचा मुख्य आक्षेप असा की, व्यवहारात हा भेद टिकत नाही.

बायबलमधील सत्यकल्पना

जुन्या करारात सत्यासाठी येणारा हिब्रू शब्द 'एमेत' हा दृढता व विश्वासार्हता दर्शविणाऱ्या धातूपासून बनला आहे. प्रार्थनेच्या शेवटी म्हटला जाणारा 'आमेन' हा शब्दही त्याच धातूचा होय. त्यामुळे हिब्रू परंपरेत सत्य म्हणजे विधान आणि वस्तुस्थिती यांचा मेळ एवढाच अर्थ नसून, ज्याच्यावर विसंबून राहता येते ते सत्य, असाही अर्थ आहे. नव्या करारातील ग्रीक शब्द 'अलेथेया' हा झाकलेले उघड होणे या अर्थच्छटेशी जोडला जातो.

योहानकृत शुभवर्तमानात या दोन्ही छटा एकत्र येतात. त्याच्या चौदाव्या अध्यायात येशू स्वतःलाच मार्ग, सत्य आणि जीवन म्हणवतो. सत्य ही एक व्यक्ती आहे, हा या वचनाचा आशय ख्रिस्ती सत्यकल्पनेचे वेगळेपण मानला जातो. त्याच शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात रोमन सुभेदार पंतय पिलात येशूची चौकशी करताना सत्य म्हणजे काय, असे विचारतो आणि उत्तराची वाट न पाहता बाहेर निघून जातो. सापेक्षतावादावरील ख्रिस्ती लेखनात या प्रसंगाचा उल्लेख वारंवार होतो. हा प्रश्न विचारणाऱ्याच्या हाती सत्ता होती आणि ज्याला विचारला तो बंदिवान होता, याकडे अनेक भाष्यकारांनी लक्ष वेधले आहे.

प्रेषित पौलाच्या लेखनात या दाव्याला मर्यादेची जोड मिळते. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात त्याने मनुष्याचे सध्याचे ज्ञान आरशातील अस्पष्ट प्रतिमेसारखे व अपुरे असल्याचे म्हटले आहे. इफिसकरांस पत्रात सत्य प्रीतीने बोलावे असा उपदेश आहे.

ऐतिहासिक विकास

प्राचीन व मध्ययुगीन काळ

सापेक्षतावादाचे खंडन ख्रिस्ती धर्माहून जुने आहे. मनुष्य हाच सर्व गोष्टींचा मापदंड आहे, हे ग्रीक तत्त्वज्ञ प्रोटॅगोरस याचे मत प्लेटोने 'थिएटेटस' या संवादात तपासले. प्रत्येकाचे मत त्याच्यापुरते खरे असेल, तर हा सिद्धांत खोटा आहे असे मानणाऱ्यांचे मतही खरे मानावे लागते, असा त्याचा युक्तिवाद होता. सापेक्षतावाद स्वतःलाच छेद देतो, हा आजही वापरला जाणारा आक्षेप मुळात येथून आला आहे.

संत ऑगस्टीन (३५४–४३०) याने ख्रिस्ती धर्म स्वीकारण्याच्या सुमारास, इ.स. ३८६ मध्ये, संशयवाद्यांच्या विरोधात ग्रंथ लिहिला. सत्य हे मनुष्याच्या मनाहून उच्च असून मन ते निर्माण करीत नाही, शोधते, असे त्याचे मत होते. तेराव्या शतकात थॉमस अक्विनास याने बुद्धी आणि वस्तू यांची अनुरूपता अशी सत्याची व्याख्या स्वीकारली. त्याच वेळी, जाणलेली गोष्ट जाणणाऱ्याच्या कुवतीप्रमाणेच जाणली जाते, असेही त्याने सांगितले. ईश्वर काय आहे यापेक्षा तो काय नाही हेच आपल्याला अधिक कळते, या त्याच्या प्रतिपादनामुळे निरपेक्ष सत्यावरील श्रद्धा आणि मानवी ज्ञानाची मर्यादा या दोन्ही गोष्टी एकाच विचारव्यूहात सामावल्या गेल्या.

प्रबोधनयुग आणि इतिहासवाद

सोळाव्या व सतराव्या शतकांतील धर्मयुद्धांनंतर युरोपात धार्मिक सत्याच्या दाव्यांबद्दल साशंकता वाढली. जर्मन लेखक लेसिंग याच्या 'नाथान द वाइज' (१७७९) या नाटकातील तीन अंगठ्यांची कथा या बदलाचे प्रतीक ठरली. एका पित्याने आपल्या तीन मुलांना एकसारख्या अंगठ्या दिल्या. खरी कोणती हे कोणालाच सांगता येईना. तेव्हा ती धारण करणाऱ्याच्या आचरणावरून ओळखावी, असा सल्ला न्यायाधीशाने दिला. ज्यू, ख्रिस्ती आणि इस्लाम या धर्मांचे रूपक असलेल्या या कथेत सत्याचा प्रश्न पुढे ढकलून आचरणाला प्राधान्य दिले आहे.

एकोणिसाव्या शतकात इतिहाससंशोधनामुळे ख्रिस्ती धर्माचाही अन्य धर्मांप्रमाणे काळाच्या ओघात घडलेली संस्था म्हणून अभ्यास होऊ लागला. जर्मन धर्मशास्त्रज्ञ एर्न्स्ट ट्रोल्च याने १९०२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, इतिहासाच्या पद्धतीने ख्रिस्ती धर्माची निरपेक्षता सिद्ध करता येते का, हा प्रश्न विचारला आणि ती तशी सिद्ध करता येत नाही, असा निष्कर्ष काढला. रोमन कॅथॉलिक चर्चने या प्रवाहांना विरोध केला. पोप पायस नववा याने १८६४ मध्ये ८० चुकीच्या मतांची यादी जाहीर केली, तर पोप पायस दहावा याने १९०७ मध्ये आधुनिकतावादाचा निषेध करणारे परिपत्र काढले.

सापेक्षतावादी संस्कृतीची पार्श्वभूमी

विसाव्या शतकात सांस्कृतिक सापेक्षतावादाचा प्रसार प्रामुख्याने मानववंशशास्त्रातून झाला. फ्रान्झ बोआस आणि त्याच्या शिष्या रूथ बेनेडिक्ट यांनी एका संस्कृतीच्या मापाने दुसरीचे मूल्यमापन करण्यास विरोध केला. या भूमिकेमागे वंशवाद आणि वसाहतवाद यांना विरोध करण्याची नैतिक प्रेरणा होती. अमेरिकन मानववंशशास्त्र संघटनेने १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या निवेदनात, मानवी हक्कांचा जाहीरनामा केवळ पाश्चात्त्य मूल्यांचा पुरस्कार करणारा ठरू नये, अशी चिंता व्यक्त केली. १९४८ च्या जाहीरनाम्याने मात्र सर्व मानवांना समान लागू होणारे हक्क घोषित केले. त्याच्या मसुद्यात लेबननचे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती तत्त्वज्ञ चार्ल्स मलिक यांचा महत्त्वाचा वाटा होता. सहिष्णुतेसाठी सापेक्षतावाद आवश्यक आहे की सार्वत्रिक सत्य, हा वाद तेव्हापासून चालू आहे.

१९७९ मध्ये फ्रेंच तत्त्वज्ञ झाँ-फ्रांस्वा ल्योतार याने सर्वव्यापी महाकथनांवरील अविश्वास हे उत्तर-आधुनिक अवस्थेचे लक्षण असल्याचे म्हटले. सृष्टीच्या निर्मितीपासून अंतापर्यंतचा इतिहास एका सूत्रात सांगणारा ख्रिस्ती धर्म अशा महाकथनांचे ठळक उदाहरण मानला गेला.

विसाव्या शतकातील ख्रिस्ती प्रतिसाद

बार्मेन घोषणापत्र

जर्मनीत नाझी राजवट आल्यानंतर प्रोटेस्टंट चर्चमधील एका गटाने वंश आणि राष्ट्र यांनाही ईश्वरी प्रकटीकरणाचे स्थान देण्याचा प्रयत्न केला. त्याविरुद्ध मे १९३४ मध्ये बार्मेन येथे भरलेल्या सभेने सहा कलमांचे घोषणापत्र स्वीकारले. त्याचे मुख्य लेखक स्विस धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्थ हे होते. ख्रिस्ताखेरीज अन्य कोणत्याही सत्तेला, व्यक्तीला किंवा घटनेला चर्चच्या उपदेशाचा उगम मानण्यास त्यात नकार दिला आहे. निरपेक्ष सत्याचा दावा सत्तेच्या बाजूने नव्हे, तर तिच्या विरोधात कसा उभा राहू शकतो, याचे उदाहरण म्हणून या घोषणापत्राचा दाखला दिला जातो. मात्र त्यात ज्यूंच्या छळाचा थेट उल्लेख नाही, ही त्याची मर्यादा पुढे बार्थ यांनीही मान्य केली.

सी.एस. लुईस

इंग्लिश लेखक सी.एस. लुईस यांचे 'द अबॉलिशन ऑफ मॅन' हे पुस्तक १९४३ मध्ये प्रसिद्ध झाले. मूल्यविधाने ही केवळ बोलणाऱ्याच्या भावना व्यक्त करतात, या मताचे त्यात खंडन आहे. वस्तुनिष्ठ मूल्यांच्या परंपरेसाठी लुईस यांनी 'ताओ' हा चिनी शब्द वापरला आणि वैदिक 'ऋत' या कल्पनेचाही उल्लेख केला. पुस्तकाच्या परिशिष्टात त्यांनी मनुस्मृतीसह अनेक संस्कृतींतील नीतिवचने एकत्र केली आहेत. सर्व मूल्ये मानवनिर्मित ठरली, तर निसर्गावरील मनुष्याचा विजय हा प्रत्यक्षात काही मनुष्यांचा इतरांवरील विजय ठरेल, हा त्यांचा मुख्य इशारा होता.

फ्रान्सिस शेफर

अमेरिकन धर्मोपदेशक फ्रान्सिस शेफर (१९१२–१९८४) यांनी १९५५ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये 'लाब्री' हे निवासकेंद्र सुरू केले. तेथे येणाऱ्या तरुणांशी झालेल्या चर्चांतून त्यांची पुस्तके आकारास आली. आधुनिक मनुष्याने तर्काचा प्रांत आणि अर्थाचा प्रांत हे एकमेकांपासून तोडले असून धर्माला केवळ दुसऱ्या प्रांतात जागा उरली आहे, असे त्यांचे निदान होते. इव्हँजेलिकल ख्रिस्ती समाजावर त्यांचा मोठा प्रभाव पडला. परंतु तत्त्वज्ञानाच्या इतिहासाची त्यांची मांडणी फार ढोबळ असल्याची टीकाही झाली.

लेस्ली न्यूबिगिन

ब्रिटिश धर्मप्रचारक लेस्ली न्यूबिगिन (१९०९–१९९८) हे १९३६ मध्ये भारतात आले आणि १९४७ मध्ये स्थापन झालेल्या चर्च ऑफ साउथ इंडियाचे बिशप झाले. १९७४ मध्ये ब्रिटनला परतल्यावर, तेथील समाजाला ख्रिस्ती संदेश पोहोचविणे भारतापेक्षा कठीण असल्याचा अनुभव त्यांना आला. 'द गॉस्पेल इन अ प्लुरलिस्ट सोसायटी' (१९८९) या ग्रंथात त्यांनी हत्ती आणि आंधळे यांच्या प्रसिद्ध भारतीय दृष्टान्ताची चिकित्सा केली. प्रत्येक आंधळ्याला हत्तीचा एकच भाग कळतो, ही गोष्ट सांगणाऱ्याला मात्र पूर्ण हत्ती दिसत असतो. सर्व धर्म सत्याचे अंश आहेत, असे म्हणणाराही म्हणूनच पूर्ण सत्य पाहिल्याचा दावा करतो, असे न्यूबिगिन यांनी दाखविले.

निरपेक्ष सत्याचे कट्टर समर्थकही त्यांच्या टीकेतून सुटले नाहीत. संशयातीत, गणिती खात्रीचे ज्ञान हा आधुनिक तत्त्वज्ञानाचा भ्रम असून त्यावर श्रद्धा उभारू पाहणे चुकीचे आहे, असे ते म्हणत. वैज्ञानिक मायकेल पोलानी याच्या ज्ञानविचाराचा आधार घेऊन, सर्व ज्ञान वैयक्तिक बांधिलकीतून येते, तरीही ते सर्वांपुढे तपासणीसाठी मांडले जाते, अशी मधली भूमिका त्यांनी घेतली.

रोमन कॅथॉलिक चर्च

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९३ मध्ये नैतिक सत्यावर 'वेरितातिस स्प्लेन्दोर' आणि १९९८ मध्ये श्रद्धा व बुद्धी यांच्या संबंधावर 'फिदेस एत रात्सिओ' ही परिपत्रे काढली. काही कृत्ये हेतू किंवा परिस्थिती कोणतीही असली तरी मुळातच अयोग्य असतात, हा पहिल्या परिपत्राचा गाभा आहे. दुसऱ्यात मानवी बुद्धीच्या सत्य जाणण्याच्या सामर्थ्याचे समर्थन केले आहे.

१८ एप्रिल २००५ रोजी, नव्या पोपच्या निवडीपूर्वीच्या प्रवचनात कार्डिनल योझेफ रात्सिंगर यांनी सापेक्षतावादाच्या हुकूमशाहीचा इशारा दिला. दुसऱ्याच दिवशी ते पोप बेनेडिक्ट सोळावे म्हणून निवडले गेले, त्यामुळे या शब्दप्रयोगाला मोठी प्रसिद्धी मिळाली. कोणतीही गोष्ट निश्चित न मानणारी ही वृत्ती अखेरीस व्यक्तीच्या स्वतःच्या इच्छेलाच एकमेव माप ठरविते, असा त्यांचा आशय होता. त्याआधी जानेवारी २००४ मध्ये म्युनिक येथे त्यांची जर्मन तत्त्वज्ञ युर्गेन हाबरमास यांच्याशी चर्चा झाली होती. धर्म आणि बुद्धी या दोहोंनाही विकृती जडू शकतात व त्यांनी एकमेकांना शुद्ध करावे, असे रात्सिंगर यांनी तेथे मांडले. धार्मिक आणि धर्मनिरपेक्ष नागरिकांनी एकमेकांकडून शिकावे, असे हाबरमास यांचे म्हणणे होते.

पोप फ्रान्सिस यांनी सप्टेंबर २०१३ मध्ये इटालियन पत्रकार युजेनिओ स्काल्फारी यांना लिहिलेल्या पत्रात या संज्ञेवरच प्रश्नचिन्ह लावले. सर्वांपासून तुटलेले, संबंधरहित असा 'निरपेक्ष' या शब्दाचा अर्थ घेतला, तर श्रद्धावंतासाठीही आपण 'निरपेक्ष सत्य' असे म्हणणार नाही. ख्रिस्ती दृष्टीने सत्य हे ईश्वराचे प्रेम, म्हणजेच एक नाते आहे, असे त्यांनी लिहिले. मात्र याचा अर्थ सत्य व्यक्तीनुसार बदलते असा नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले.

सत्य आणि सक्ती

सत्य एकच असेल, तर असत्याला मोकळीक का द्यावी, हा प्रश्न ख्रिस्ती इतिहासात दीर्घकाळ वादाचा राहिला. ऑगस्टीन सुरुवातीला धार्मिक सक्तीच्या विरोधात होता. उत्तर आफ्रिकेतील डोनाटिस्ट पंथाशी झालेल्या संघर्षात मात्र त्याने रोमन साम्राज्याच्या दंडात्मक कायद्यांचे समर्थन केले. त्यासाठी त्याने लूककृत शुभवर्तमानातील मेजवानीच्या दाखल्यातील, लोकांना आत येण्यास भाग पाडण्याच्या आज्ञेचा आधार घेतला. पुढील काळात सक्तीच्या समर्थकांनी हाच आधार वारंवार घेतला.

गोव्यात पोर्तुगीज सत्तेखाली १५६० मध्ये स्थापन झालेले इन्क्विझिशन (धर्मन्यायपीठ) १७७४ ते १७७८ दरम्यानचा खंड वगळता १८१२ पर्यंत चालू होते. धर्मांतरितांनी पूर्वीचे आचार चालू ठेवल्याच्या संशयावरून त्यांच्यावर खटले चालविले जात. प्रोटेस्टंट पंथीयही या प्रवृत्तीपासून मुक्त नव्हते. १५५३ मध्ये त्रैक्याचा सिद्धांत नाकारल्याबद्दल मायकेल सर्व्हेटस याला जिनिव्हा येथे जिवंत जाळण्यात आले. त्यावर सेबास्टियन कास्टेलियो या विद्वानाने, माणसाला ठार केल्याने सिद्धांताचे रक्षण होत नाही, केवळ माणूस मारला जातो, असा आक्षेप घेतला. कास्टेलियो सापेक्षतावादी नव्हता; श्रद्धा सक्तीने निर्माण होऊ शकत नाही, असे त्याचे श्रद्धेच्या स्वरूपावरच आधारलेले मत होते.

कॅथॉलिक चर्चने औपचारिकरीत्या ही भूमिका दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत स्वीकारली. ७ डिसेंबर १९६५ रोजी २,३०८ विरुद्ध ७० मतांनी संमत झालेल्या 'दिग्नितातिस हुमाने' या घोषणापत्राने धर्मस्वातंत्र्य हा प्रत्येक मनुष्याच्या प्रतिष्ठेवर आधारित हक्क असल्याचे मान्य केले. सत्य स्वतःच्या बळावरच मनाला पटते, बाह्य दडपणाने नव्हे, असे त्यात प्रतिपादन आहे. चुकीच्या मताला हक्क नसतात, या जुन्या तत्त्वाच्या जागी हक्क मतांना नसून माणसांना असतात, हे तत्त्व आले. आर्चबिशप मार्सेल लफेव्र यांच्यासारख्या परंपरावाद्यांनी हा बदल पूर्वीच्या शिकवणुकीशी विसंगत मानला.

१२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी चर्चच्या सदस्यांकडून इतिहासात घडलेल्या पापांबद्दल ईश्वराकडे जाहीर क्षमायाचना केली. त्यात सत्याच्या सेवेच्या नावाखाली वापरलेल्या असहिष्णू मार्गांचा स्वतंत्र उल्लेख होता. ते निवेदन वाचणारे कार्डिनल म्हणजे रात्सिंगर होत.

भारतीय संदर्भ

एकोणिसाव्या शतकातील वाद

ख्रिस्ती सत्यदावा आणि भारतीय विचार यांची बौद्धिक गाठ पाश्चात्त्य सापेक्षतावादाच्या बऱ्याच आधी पडली. स्कॉटिश विद्वान जॉन म्यूर याने १८३९ मध्ये 'मतपरीक्षा' या संस्कृत ग्रंथात ख्रिस्ती धर्माचे श्रेष्ठत्व मांडले. त्याला सोमनाथ या नावाने एका पंडिताने उत्तर दिले. हे नाव सिहोर येथील सुबाजी बापू यांचे असल्याचे मानले जाते. ईश्वराने निरनिराळ्या लोकांसाठी निरनिराळे मार्ग योजले असून प्रत्येकाला आपला मार्ग योग्य आहे, असा त्यांचा सूर होता.

याच वादात चित्पावन घराण्यातील, काशीत वाढलेले नीळकंठशास्त्री गोरे यांनी १८४४ च्या सुमारास 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' लिहून ख्रिस्ती मताचे खंडन केले. पुढे १८४८ मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला आणि 'षड्दर्शनदर्पण' या ग्रंथात हिंदू दर्शनांची चिकित्सा केली. दोन्ही काळांत, धार्मिक सत्य तर्काने तपासता येते, हे त्यांचे गृहीत कायम राहिले. मुंबईत १८३१ मध्ये जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांच्यात झालेला जाहीर वादही याच परंपरेतील होय.

पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर तेथील सिस्टर जेराल्डिन आणि शिक्षणतज्ज्ञ डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा धर्मसिद्धांतांविषयी दीर्घ पत्रव्यवहार झाला. ख्रिस्तावरील श्रद्धा त्यांनी स्वीकारली होती. परंतु चर्चचे प्रत्येक मत केवळ अधिकाराच्या बळावर मान्य करण्यास त्यांनी नकार दिला. धर्मगुरूंच्या एका वर्गाच्या जोखडातून सुटून दुसऱ्याचे जोखड आपण मानेवर घेणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. सत्य निरपेक्ष मानूनही ते सांगणाऱ्या संस्थेला निरपेक्ष न मानण्याचे हे ठळक उदाहरण आहे.

नंतरचा काळ

१८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक हे तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे सांगत. ख्रिस्त हे पूर्ण सत्य मानतानाच पूर्वपरंपरेतील सत्यही स्वीकारण्याची ही भूमिका होती. महात्मा गांधी यांनी आत्मकथेच्या प्रस्तावनेत, निरपेक्ष सत्य सापडेपर्यंत आपल्याला दिसणाऱ्या सापेक्ष सत्याला दीपस्तंभ मानून चालावे लागते, असा विचार मांडला. 'ईश्वर सत्य आहे' याऐवजी 'सत्य हाच ईश्वर आहे' असे ते पुढे म्हणू लागले. जैन दर्शनातील अनेकान्तवादाची पुष्कळदा सापेक्षतावादाशी गल्लत केली जाते. प्रत्यक्षात वस्तू अनेक अंगांनी युक्त असल्याने एका दृष्टीचे विधान अंशतः खरे असते, असे तो मानतो आणि वस्तूचे वास्तव नाकारत नाही.

मुंबईत जन्मलेले आणि लोणावळ्यातील साधना संस्थेशी निगडित असलेले जेसुइट धर्मगुरू अँथनी डिमेलो (१९३१–१९८७) यांच्या लेखनाबाबत व्हॅटिकनने १९९८ मध्ये सूचनापत्र काढले. त्यांच्या काही लेखनातून सर्व धर्म सारखेच असल्याची भावना निर्माण होते, असा त्यातील एक आक्षेप होता. त्यानंतर २००० मध्ये 'दोमिनुस येसुस' या घोषणापत्रात ख्रिस्ताच्या एकमेवत्वाचा पुनरुच्चार करण्यात आला. भारतात अनेक वर्षे अध्यापन केलेले बेल्जियन धर्मशास्त्रज्ञ जाक द्युप्वी यांच्या धार्मिक बहुविधतेवरील ग्रंथाचीही याच काळात चौकशी झाली.

टीका

ब्रिटिश तत्त्वज्ञ जॉन हिक यांनी १९७३ पासून धर्मविचारात कोपर्निकससारख्या क्रांतीची गरज प्रतिपादिली. ख्रिस्ती धर्माला केंद्रस्थानी न ठेवता, सर्व धर्म एकाच अंतिम वास्तवाभोवती फिरतात असे मानावे, असा त्यांचा आग्रह होता. गॅव्हिन डिकोस्टा यांच्या मते हीसुद्धा एक निरपेक्ष भूमिकाच आहे. कारण ती सर्व धर्मांचे स्वतःविषयीचे आकलन चुकीचे ठरविते.

दुसरा आक्षेप अर्थनिर्णयाचा आहे. एकाच बायबलला प्रमाण मानणाऱ्या संप्रदायांत गंभीर मतभेद आहेत. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत गुलामगिरीचे समर्थक आणि विरोधक हे दोघेही बायबलचा आधार घेत होते. सत्य निरपेक्ष असूनही ते कोणाच्या वाचनातून घ्यायचे हा प्रश्न उरतोच, असे टीकाकार म्हणतात. त्यावर, कोणते वाचन चुकीचे होते असे म्हणण्यासाठीही वाचनापलीकडचे सत्य मानावे लागते, असे प्रत्युत्तर दिले जाते.

इटालियन तत्त्वज्ञ जान्नी वात्तिमो यांनी ख्रिस्ती धर्माच्या आतूनच वेगळा मार्ग सुचविला. ईश्वराने ख्रिस्तात स्वतःला रिक्त केले, या शिकवणुकीच्या आधारे, निरपेक्ष दाव्यांचे दुबळे होत जाणे ही ख्रिस्ती संदेशाचीच परिणती आहे, असे त्यांनी मांडले. अमेरिकन धर्मशास्त्रज्ञ जॉर्ज लिंडबेक यांनी १९८४ मध्ये धर्मसिद्धांतांची तुलना भाषेच्या व्याकरणाशी केली.

सापेक्षतावादाचे ख्रिस्ती वर्णन अनेकदा अतिसुलभ असते, असाही आक्षेप आहे. ज्यांच्यावर सापेक्षतावादाचा आरोप होतो त्या रिचर्ड रॉर्टी यांच्यासारख्या तत्त्वज्ञांनी तो नाकारला आहे. दुसरीकडे, वस्तुनिष्ठ सत्याचे समर्थन ही केवळ धार्मिकांची मिरास नाही. बर्नार्ड विल्यम्स (२००२) आणि पॉल बोगोसियन (२००६) यांनी कोणत्याही धार्मिक आधाराविना सत्याच्या संकल्पनेचे समर्थन केले आहे.

अलीकडील स्थिती

२०१६ मध्ये ऑक्सफर्ड शब्दकोशाने 'सत्योत्तर' या अर्थाच्या इंग्रजी शब्दाची वर्षाचा शब्द म्हणून निवड केली. तेव्हापासून सत्याच्या अवमूल्यनाची चिंता धार्मिक वर्तुळांबाहेरही व्यक्त होऊ लागली. त्यामुळे वादाच्या जुन्या फळ्या काही प्रमाणात बदलल्या आहेत: श्रद्धावंत आणि धर्मनिरपेक्ष विचारवंत तथ्यांच्या रक्षणासाठी कधी एका बाजूस दिसतात, तर निरपेक्ष सत्याचा पुरस्कार करणारे काही गट राजकीय निष्ठेपोटी असत्याकडे डोळेझाक करीत असल्याची टीका ख्रिस्ती विचारवंतही करतात. सत्य मानणे आणि सत्याला बांधील राहणे यांतील अंतराचा प्रश्न यामुळे ख्रिस्ती चर्चेत पुन्हा पुढे आला आहे.

हे सुद्धा पहा

सापेक्षतावाद
उत्तर-आधुनिकतावाद
दुसरी व्हॅटिकन परिषद
अनेकान्तवाद
पंडिता रमाबाई
गोवा इन्क्विझिशन